जसे आहे, जेथे आहे

दर गुरुवारी पाचव्या पानावर
हरवलेल्या मार्कशीटा आणि नाव बदललेल्या माणसांच्या मधोमध
मुंगीएवढ्या अक्षरांत घरं छापून येतात.
उपकेंद्रातलं लसीकरण आटोपलं की मी ती वाचायची,
थर्मामीटर वाचतात तशी, उजेडाकडे धरून.

आधी कर्जदार, मग जामीनदार, मग आकडा,
मग चतुःसीमा:
पूर्वेस गेडाम यांचा प्लॉट, पश्चिमेस सहा मीटर रस्ता,
दक्षिणेस नाली, उत्तरेस इतरांची जागा.
चारी बाजूंनी सांगतात घर.
आत काय, ते सांगत नाहीत.

सिंदेवाहीचं हे तिसऱ्यांदा आलं होतं.
एकोणीस लाख, मग सतरा, मग साडेपंधरा.
आमचे हे म्हणाले,
"तिनदा आलं म्हणजे काहीतरी असन त्याच्यात."
मी म्हटलं, "मले बी तीन जणं पाहून गेले होते.
चौथे तुम्ही."

बघायला गेलो तर कुलपावर कुलूप,
एक मालकाचं, एक बँकेचं,
आणि दारावर डकवलेली नोटीस
बकरीचं तोंड पोचतं तिथवर खाल्लेली.
बँकेचे साहेब म्हणाले, सध्या ताबा प्रतीकात्मक आहे.
बावीस वर्षांच्या नोकरीत
मी एकही प्रतीकात्मक सुई टोचली नाही.

खिडकीच्या फटीतून मोबाईलचा उजेड टाकला.
गुंडाळलेली हिरवी मॅटी.
कोरडा नळ.
एक पाल, ती लगेच सरकली.
एवढं पाहून
एक लाख पंचावन्न हजार अनामत भरली आम्ही.

लिलाव सेतू केंद्रात झाला,
जातीचे दाखले काढायला आलेल्यांच्या गर्दीत.
समोर बोली लावणारं कोणी नव्हतं.
तरी एक चढ द्यावीच लागते, पोरगा म्हणाला,
म्हणून आम्ही आमच्यावरच दहा हजार चढवले
आणि जिंकलो.

"स्वस्तात पडलं," शेजारची म्हणाली,
आणि मग, घागर कमरेवर घेता घेता,
"पर हाय लागते बाप्पा, कोनाची कोनाले."
मी ऐकलं. विसरले नाही.

पुढं पाच महिन्यांनी किल्ली आली.
स्वयंपाकघरात एक पोतं होतं, त्यात त्रेसष्ट वाढणी,
प्रत्येकावर कोरलेलं: पु. ना. ताजने, बिछायत केंद्र.
अर्ध्या तालुक्याच्या पंगतीत फिरलेली ती वाढणी;
माझ्याच लग्नात वरण ह्यांनीच वाढलं असेल,
कोण सांगावं.

बोअर मात्र चालू होईना.
वडशाचा मिस्त्री आला, नागभीडचा आला,
एकानं स्टार्टर बदला म्हटलं, दुसऱ्यानं मोटरच.
शेवटी मॅटी उलगडली, तिच्या पाठीवर
पांढऱ्या रंगात मोबाईल नंबर होता.
दोन दिवस नुसता पाहिला.
तिसऱ्या दिवशी लावला.

"ताजने बिछायत?"
"ऑर्डरी घेत नाही आता."
"ऑर्डर नाही जी. सिंदेवाहीहून बोलते.
मोटर चालू होत नाही."

पलीकडे कुठल्याशा शहराची वाहनं जात राहिली.

मग म्हणाले,
"हिरवं बटन दाबून ठेवा. सोडू नका.
धा मोजा. पाईपात घरघर आली का मंग सोडा."

मी मोजलं. तेही मोजत होते, ऐकू येत होतं.
आधी लालसर आलं, मग गढूळ, मग पाणी.

"आलं?"
"आलं."
"दुपारी नका चालवत जाऊ. गेडामाची हीर आटते."

वाढणी पाठवून देते म्हटलं.
"राहू द्या. नोटिशीत लिवलं होतं ना,
जसं हाय, जेथं हाय."
हसले की खोकले, कळलं नाही. फोन ठेवला.

नंबर जपून ठेवावा म्हटलं.
नावाच्या जागी काय लिहावं, सुचेना.
'ताजने' लिहिलं, खोडलं.
'बोअर' लिहिलं.